आधी कोणता रस्ता?

बीडमध्ये बर्फ पडला तर काय होईल, असं ऑफिसात एकानं गमतीत विचारलं. म्हटलं, काही नाही, प्रत्येक खातं "हा रस्ता आमचा नाही" म्हणून हात वर करेल!

अमेरिकेत मिनिआपोलिसची पद्धत बघा. मोठा बर्फ पडला की पालिका 'स्नो इमर्जन्सी' जाहीर करते. पहिल्या रात्री ठरलेले मुख्य रस्ते, दुसऱ्या दिवशी आतल्या रस्त्यांची सम नंबरांच्या घरांची बाजू, तिसऱ्या दिवशी विषम. तुमची गल्ली शेवटी असली तरी कधी, ते आधीच माहीत.

आपल्याकडे बर्फाचं काम चिखल करतो. काळ्या मातीतल्या पाणंदीत पावसाळ्यात गुडघाभर पाय रुततो. वस्तीवर कळा सुरू झालेल्या बाईला बाजेवर घालून डांबरीपर्यंत आणायचं, कारण १०८ ची गाडी तिथंच थांबते. आणि रस्त्यांना मालक किती! राज्यमार्ग नि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याचे, इतर जिल्हा मार्ग नि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे, पाणंद मात्र कामाच्या वेळी कोणाचीच नाही. २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीतून. चांगलंच झालं. पण क्रम गावानं ठरवला नाही की मुरूम आधी भावकीच्या शेताकडे जातो. (कोणाच्या भावकीच्या, ते तुम्हाला माहीत आहे.)

म्हणून १ मेच्या ग्रामसभेतच यादी वाचा. लोकवस्तीचे रस्ते आधी, मग शाळेचे, मग उसाच्या ट्रॅक्टरचे. ऊस दिवाळीपर्यंत थांबतो, कळा थांबत नाहीत. आणि यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा, कुठे मुरमाच्या किती ट्रिपा पडणार तेसुद्धा. रंगाचा एक डबा तरी परवडेल ना?