नावापुरती संचालिका

“इथे सही कर,” म्हणत पतीने कागद पुढे सरकवायचे आणि पत्नीने पदराला हात पुसून सही करायची, हे दृश्य छोट्या उद्योजकांच्या घरात नेहमीचेच. भिलाईत १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि त्याच्या आधाराने सुटे भाग, फॅब्रिकेशनची कामे करणारे छोटे कारखाने उभे राहिले. त्यांतील कुणी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली, की किमान दोन संचालक लागतात. मग दुसरे नाव बहुधा घरातल्या गृहिणीचेच लागते.

इथपर्यंत काही बिघडत नाही. बिघडते ते कर्ज आल्यावर.

सरकारी हमीच्या कर्जाबद्दल एक गोड गैरसमज आहे. छोट्या उद्योगांसाठी २००० साली केंद्र सरकार व सिडबीने पतहमी निधी सुरू केला. कोरोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, आणखी एक तातडीची हमी योजना आली. ‘हमी सरकारची’ हे शब्द ऐकून पुष्कळांना वाटते, बुडाले तर सरकार भरेल. पण ही हमी बँकेला असते, कर्जदाराला नव्हे. बँकेला भरपाई मिळाली, तरी कर्जदाराचे देणे फिटत नाही.

समजा, यंत्रासाठी घेतलेल्या पैशातून मुलीचे लग्न उरकले, प्लॉट घेतला आणि पुढे हप्ते थकले. याला धंद्यातला तोटा म्हणत नाहीत. थकबाकी २५ लाख किंवा अधिक असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ‘हेतुपुरस्सर कर्जबुडवे’ असा शिक्का बसू शकतो. मग नव्या कर्जाची दारे बंद होतात. फसवणूक न्यायालयात सिद्ध होऊन सहा महिने वा अधिक कैद झाली, तर शिक्षा संपल्यावरही पाच वर्षे संचालक होता येत नाही.

ब्रिटनमध्ये कोरोनाकाळातील सरकारी हमीच्या कर्जाचा गैरवापर करणाऱ्या संचालकांवर थेट बंदी येते. ती १५ वर्षांपर्यंत असू शकते. आपल्याकडे वाट वेगळी आहे, पण ढिलाई इथेही महागात पडते. कंपनीने सलग तीन वर्षे हिशेब वा वार्षिक विवरण भरले नाही, तर तिचे संचालक पाच वर्षे अपात्र ठरतात. २०१७ साली असे तीन लाखांवर संचालक अपात्र ठरले. स्वयंपाकघरातून सही करणाऱ्यांसाठी कायद्यात वेगळे कलम नाही.

मात्र कायदा आंधळाही नाही. रोजचा कारभार न पाहणाऱ्या संचालकाला गैरप्रकार ठाऊक असूनही तो गप्प राहिला, किंवा त्याची संमती होती, तरच त्याच्यावर कर्जबुडव्याचा शिक्का बसतो. म्हणून कागद वाचावा. कर्जाचा पैसा कशावर खर्च झाला, हे विचारावे. पटले नाही, तर आपला विरोध सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावा. विवरणे बिलासपूरच्या कंपनी निबंधकांकडे वेळेवर गेली का, हे सी.ए.ला विचारावे. बँकेची नोटीस आली, तर २१ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. राजीनामा देता येतो. पण आपल्या कारकिर्दीतील जबाबदारी त्याने सुटत नाही.

हे प्रश्न विचारल्याने संसारातला विश्वास कमी होत नाही. उलट, विचारणारी दुसरी संचालक घरातच आहे हे माहीत असलेला उद्योजक कर्जाच्या पैशाला हात लावताना दोनदा विचार करतो.