टीबीची सरासरी घटली, पण आपल्या वस्तीचे काय?

2025 संपले आणि 'टीबीमुक्त भारत'ची मुदतही संपली. 2015 च्या तुलनेत नवे रुग्ण 80 टक्क्यांनी आणि मृत्यू 90 टक्क्यांनी कमी करायचे, असे राष्ट्रीय आराखड्यात ठरले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार भारतात लाख लोकसंख्येमागे नव्या रुग्णांचे प्रमाण 2015 मध्ये 237 होते, ते 2024 मध्ये 187 झाले. म्हणजे घट 21 टक्के. मृत्यूंचे प्रमाण लाखामागे 28 वरून 21 वर आले. याच काळात जगातली रुग्णघट 12 टक्के आहे, त्यामुळे आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण गाठायचे होते त्या ठिकाणापासून आपण खूप लांब आहोत.

आम्ही मावळ आणि लोणावळा परिसरात काम करतो. आमचा प्रश्न या आकड्याच्या पोटातला आहे. ही 21 टक्के घट कोणाच्या घरात झाली? तळेगावच्या सोसायटीत, आंदर मावळातल्या कातकरी पाड्यावर, एमआयडीसीतल्या कंत्राटी पोरांच्या खोलीत आणि आपल्या बौद्धवस्तीत ती सारखीच झाली का? सरासरीचा आकडा याचे उत्तर देत नाही. उत्तर मिळवायचे साधन मात्र उपलब्ध आहे. त्याला साथरोगांचे गणिती मॉडेल म्हणतात. आपल्या तरुणांनी ते समजून घेतले पाहिजे, कारण पैसा कुठे जाणार, तपासणीची गाडी कुठे उभी राहणार, हे आता अशा गणितांवरून ठरते.

मॉडेल म्हणजे काय?

कोविडच्या काळात 'लाट कधी येणार' हे सांगणारे आलेख आपण रोज पाहत होतो. त्यामागचे मूळ गणित 1927 चे आहे. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन शास्त्रज्ञांनी ते मांडले आणि पडताळून पाहण्यासाठी आकडे घेतले ते आपल्या मुंबईचे. डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळात मुंबई बेटावर प्लेगने झालेले मृत्यू त्यांच्या आलेखात आहेत. आजही जगभर शिकवले जाणारे हे शास्त्र मुंबईतल्या मृतांच्या नोंदींवर उभे राहिले.

कल्पना सोपी आहे. लोकांचे कप्पे करायचे. टीबीसाठी ते साधारण असे : संसर्ग न झालेले, जंतू शरीरात झोपलेला असलेले, आजारी पडलेले आणि उपचार घेऊन बरे झालेले. एका कप्प्यातून दुसऱ्यात माणसे किती वेगाने जातात, हे आकड्यांत मांडायचे. मग विचारायचे की तपासणी वाढवली तर काय होईल, आणि पोटभर अन्न दिले तर काय होईल?

टीबीची गोम दुसऱ्या कप्प्यात आहे. जंतू शरीरात शिरलेल्या शंभर जणांपैकी पाच ते दहा जणच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. कोण पडतो? बहुधा ज्याची ताकद कमी तो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, दारू आणि तंबाखूचा धूर ही यामागची मोठी कारणे. दगडखाणीतली सिलिकाची धूळ हे आणखी एक. जंतू जात विचारत नाही हे खरे. पण ताट, खोली आणि काम यांची वाटणी जातीने केलेली असेल, तर जंतूला विचारायची गरजच राहत नाही.

सरासरी काय लपवते

एक काल्पनिक हिशेब करू. एक लाख लोकवस्तीचा भाग आहे. त्यातल्या 90 हजार लोकांत टीबीचे प्रमाण लाखामागे 150, म्हणजे वर्षाला 135 रुग्ण. उरलेले 10 हजार लोक पाड्यांवर, वस्त्यांत आणि भट्ट्यांवर राहतात. त्यांच्यात प्रमाण लाखामागे 600, म्हणजे 60 रुग्ण. एकूण 195. देशाचा 2023 चा अंदाज नेमका इतकाच होता, म्हणजे आपला हा भाग कागदावर 'सर्वसाधारण' ठरतो.

आता मोहीम आली. मोठ्या गावांत, रस्त्यालगत, दवाखान्याजवळ जोरात चालली. पहिल्या गटातले रुग्ण 20 टक्क्यांनी घटून 108 झाले. दुसऱ्या गटापर्यंत कोणी गेलेच नाही, तिथे 60 चे 60 राहिले. एकूण 168, म्हणजे जवळपास 14 टक्के घट. अहवाल चांगला दिसतो. पण दोन गटांतली दरी आधी चौपट होती, ती पाचपट झाली. दहा टक्के लोकांकडे आधी 31 टक्के आजार होता, तो 36 टक्के झाला. सरासरी सुधारली आणि विषमता वाढली, तीही एकाच मोहिमेत.

हा हिशेब आमचा आहे, आकडे मानलेले आहेत. पण अशी दरी असते याला आधार आहे. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य समितीने 2018 च्या अहवालात आदिवासींमधले टीबीचे प्रमाण लाखामागे 703 आणि देशाचे 256 असे दिले होते.

मावळात हे कसे घडते

ग्रामपंचायत 'टीबीमुक्त' ठरवण्याचे निकष पाहा. हजार लोकसंख्येमागे वर्षाला किमान 30 संशयितांची तपासणी आणि हजारामागे एक किंवा त्याहून कमी रुग्ण, हे त्यातले दोन प्रमुख. दोन हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीला 60 तपासण्या पुरतात. त्या 60 जणांत दीड-दोनशे वस्तीच्या पाड्यावरचा एक तरी माणूस असलाच पाहिजे, अशी अट या आकड्यांत नाही. साठही माणसे गावठाणातली असू शकतात. पाड्यावरचा रुग्ण सापडला नाही, तर तो मोजलाही जात नाही आणि फलक लागायला अडचण येत नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. देशातल्या 347 जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोठी शोधमोहीम झाली, ती 7 डिसेंबर 2024 ते 24 मार्च 2025 या काळात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, हे इथल्या कोणालाही ठाऊक आहे. डिसेंबर ते मार्च पाड्यावर दारे बंद असतात. घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंनी काय करायचे? बंद दाराची नोंद 'लक्षणे नाहीत' अशी होऊ नये, एवढी साधी काळजी घ्यायला कोणाला तरी ही गोष्ट ठाऊक हवी.

तिसरा गट आपल्या तरुणांचा. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली, त्यात आपली बौद्ध मुलेही बरीच, तळेगाव-चाकण पट्ट्यात ठेकेदाराकडे काम करतात. लोणावळ्याच्या हॉटेलांत राबतात. एका खोलीत सहा-आठ जण, कॉट बेसिसवर. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच गादीवर. खिडकी असली तरी डासांमुळे बंद. यातला एकजण महिना-दोन महिने खोकत राहतो, औषधाच्या दुकानातून बाटली आणतो, कारण सुट्टी घेतली तर खाडा पडतो. गावी गेला की तिथे नोंद होते. मावळचा आकडा कमीच राहतो. संसर्ग मात्र मावळात झालेला असतो आणि खोलीतले बाकीचे सात जण कोणत्याच यादीत येत नाहीत.

एकेकाळी मुंबईतले पैसेवाले लोक छातीच्या दुखण्यासाठी हवापालट म्हणून खंडाळा-लोणावळ्याला येत. हवा आजही तीच आहे. ती त्या खोलीत शिरत नाही.

गणिताने काय दाखवले

खोलीचा आणि टीबीचा संबंध मुंबईतच तपासला गेला आहे. गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींत घरोघरी पाहणी झाली आणि घरांतला वारा-उजेड संगणकावरच्या मॉडेलने मोजला. इमारती जिथे एकमेकींना खेटून आहेत, खालच्या मजल्यांवर वारा-उजेड पोहोचत नाही, तिथे टीबी जास्त आढळला. झोपडीतून पक्क्या घरात नेले म्हणजे पुनर्वसन झाले, हा समज या अभ्यासाने खोडला.

अन्नाबद्दलचा पुरावा त्याहून ठोस आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने 'राशन्स' नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरातली 10,345 माणसे त्यात होती. रुग्णांना सगळीकडेच अन्न दिले. काही ठिकाणी घरच्यांनाही दिले : मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, शिवाय जीवनसत्त्वाच्या गोळ्या. त्या घरांत नवा टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला. फुफ्फुसाचा, म्हणजे पसरणारा टीबी 48 टक्क्यांनी घटला. पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ!

मग लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या आणि भारतातल्या संशोधकांनी हे आकडे मॉडेलमध्ये घातले. देशातल्या निम्म्या रुग्णांच्या घरांना असे अन्न मिळाले तर 2035 पर्यंत सुमारे 3 लाख 61 हजार मृत्यू आणि 8 लाख 80 हजार नवे आजार टळतील, असे उत्तर आले. साधारण दहा घरांना अन्न दिले की एक माणूस आजारापासून वाचतो, चोवीस-पंचवीस घरांमागे एक जीव वाचतो.

सरकार आज काय देते? निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर 2024 पासून रुग्णाला महिन्याला 1,000 रुपये मिळतात, आधी 500 मिळत. घरच्यांना अन्न मिळावे असे सरकारलाही पटले आहे, पण ते सोपवले आहे 'निक्षय मित्रां'वर, म्हणजे दात्यांवर. दानाचे मोल आपल्याला सांगायला नको. पण ज्या गोष्टीने आजार जवळपास निम्मा होतो, ती दात्याच्या मर्जीवर ठेवायची की रेशनकार्डावर हक्क म्हणून द्यायची, हा राजकीय प्रश्न आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची आखणी झाली, त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारपणातला आधार हा हक्क असतो, हे आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

मॉडेलला काय दिसत नाही

मॉडेलला आपण भरवतो तेवढेच कळते. तालुक्याचा एकच आकडा दिला तर ते तालुक्याचेच उत्तर देणार. पाडा, भट्टी, खाण, कंत्राटी खोली असे वेगळे कप्पे करायचे तर आकडेही तसेच वेगळे हवेत.

आणखी एक धोका असतो, दोष लोकांवर ढकलण्याचा. 'लोक तपासायलाच येत नाहीत' हे वाक्य आम्ही बैठकांत नेहमी ऐकतो. 1963 मध्ये बॅनर्जी आणि अँडरसन यांनी कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्याच्या खेड्यांत समाजशास्त्रीय पाहणी केली होती. टीबी असलेले निम्म्याहून अधिक लोक आपणहून दवाखान्यात गेले होते, आणि खोकल्याचे औषध घेऊन परत आले होते. साठ वर्षांनंतरही बाटली तीच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीने त्यात भर घातली : छातीचा एक्स-रे काढला नसता तर सुमारे 43 टक्के रुग्ण निसटले असते. नुसते 'खोकला आहे का' विचारून भागत नाही.

आपण काय करायचे

ग्रामसभेत आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे वाडी-वस्तीनिहाय आकडे मागा. किती तपासण्या कुठल्या वस्तीत झाल्या, तिथे किती रुग्ण निघाले आणि ते काय काम करतात. नावे मागायची नाहीत, गटाची बेरीज मागायची. रुग्णाचे नाव फुटले तर त्याची खोली जाते, काम जाते, मुलीचे लग्न मोडते. आणि 'त्यांच्या वस्तीत रोग असतो' असा शिक्का मारायला हा आकडा कोणी वापरला, तर त्याला तिथल्या तिथे जाब विचारा.

फलक लागण्याआधी विचारा की पाड्यावर एक्स-रेची गाडी आली होती का, आणि कुटुंबे पाड्यावर असताना आली का. भट्टीचा हंगाम चालू असेल तर तपासणी भट्टीवर व्हावी.

कंत्राटी कामगारांना विम्याचा क्रमांक तपासायला शिकवा. टीबी कर्मचारी राज्य विम्याच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. अटी पूर्ण असतील तर पगाराच्या 80 टक्के भत्ता दीर्घकाळ मिळतो. पण त्यासाठी दोन वर्षे सलग नोकरी लागते. ठेकेदार मध्येच खंड पाडतो तेव्हा फक्त नोकरी तुटत नाही, हा हक्कही तुटतो. हे युनियनने आणि आपण लावून धरले पाहिजे.

आणि विहार. दर पौर्णिमेला आपण जमतो. 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, त्या दिवशी दरवर्षी तिथे गर्दी होते. अशा दिवशी तपासणीची एक रांग लागू शकते. एका विहाराने दहा घरांचे तांदूळ-डाळ सहा महिने उचलले, तर वरच्या हिशेबाने एक माणूस वाचतो. ते करताना रेशनचा हक्क मागणे सोडायचे नाही.

कार्ल्याच्या चैत्यगृहात दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. कोण कुठल्या गावचा आणि काय काम करणारा हेही त्यातल्या अनेक लेखांत आहे, कोणी सुतार, कोणी गंधी. दोन हजार वर्षांपूर्वी याच मावळात माणसाची नोंद त्याच्या गावासह आणि कामासह होत होती. टीबीच्या गटवार बेरजेत आज तेवढेही नसावे?

आळवीच्या गरीब शेतकऱ्याची गोष्ट आपण विहारात ऐकतो. हरवलेला बैल शोधून तो उपाशीच धम्म ऐकायला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले, मग देशना दिली. गर्दीत उपाशी कोण आहे, हे त्यांनी आधी पाहिले. आपल्या तालुक्याच्या आकड्यांकडेही तसेच पाहायला सुरुवात करू.

जय भीम.