स्मार्ट घर नेमके कोणासाठी?

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून, बंगळुरूहून किंवा परदेशातून मुले कोल्हापूरला येतात, तेव्हा फराळाच्या डब्यांबरोबर एखादा खोकाही उघडला जातो. आवाजावर लागणारे दिवे, मोबाइलवर दिसणारा कॅमेरा, बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूप. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरीतल्या घरांत या वस्तूंचे आता कोणाला नवल वाटत नाही. सुट्टी संपते आणि घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि ही सगळी यंत्रणा उरते. पैसे मोजणारा एक, रोज वापरणारा दुसरा. म्हणूनच ‘घेतल्याचे चीज झाले का?’ या प्रश्नाला एकाच घरातून दोन उत्तरे मिळतात. मुलगा म्हणतो, आता निर्धास्त झालो. आई म्हणते, माझं कुठं काय अडलं होतं?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील सुमारे दहा टक्के लोक साठीपुढचे होते. हे प्रमाण तेव्हापासून वाढतेच आहे आणि त्यांतले कितीतरी जण एकटे किंवा दोघेच राहतात. शासकीय रुग्णालयात इतकी वर्षे काम केल्यावर अशा घराकडे पाहताना पहिली काळजी वाटते ती चोराची नाही, पडण्याची. खुब्याचे हाड मोडून आलेल्या आजींच्या नातेवाइकांना आम्ही विचारतो, ‘कुठे पडल्या?’ उत्तरे ठरलेली असतात. रात्री लघवीला उठल्या, बाथरूमच्या दारात, अंधारात. त्यामागे बऱ्याचदा रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी असते. झोपेतून एकदम उठल्यावर वरचा रक्तदाब वीस अंकांनी किंवा त्याहून जास्त घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात मोतीबिंदू, आणि अंधाराला सरावायला म्हाताऱ्या डोळ्यांना लागणारा जादा वेळ. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचांमागे एक जण वर्षभरात दगावतो, हे पुष्कळांना माहीत नसते.

पडण्याइतकेच घातक असते ते पडून राहणे. १९८१ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, पडल्यावर तासाहून अधिक काळ जमिनीवर राहिलेल्या वृद्धांपैकी निम्मे जण सहा महिन्यांत दगावल्याचे दिसले होते. ही माणसे मुळातच अशक्त होती, त्यामुळे सगळा दोष त्या एका तासाला देता येणार नाही. पण तासन्‌तास फरशीवर पडून राहिल्याने स्नायू झिजतात, मूत्रपिंडांवर ताण येतो, शरीरातले पाणी कमी होते, पाठीला जखमा होतात.

या दोन्ही गोष्टींवर स्मार्ट घराचा उपयोग होतो का? काही प्रमाणात होतो, आणि त्यातली सर्वांत उपयोगी वस्तू सर्वांत स्वस्त आहे. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर, हालचाल झाली की आपोआप लागणारा मंद पिवळसर दिवा. काहीशे रुपयांत मिळतो, त्याला ॲप लागत नाही, वाय-फाय लागत नाही. पांढरा झगझगीत दिवा मात्र नको. डोळे दिपतात आणि झोपही मोडते. याउलट महागडा स्मार्ट बल्ब भिंतीवरचे बटण बंद केले की आंधळा-बहिरा होतो. आणि खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचे, ही शिस्त आमच्या आधीच्या पिढीच्या हाडीमांसी भिनलेली आहे. आठ दिवसांत मुलगा फोनवर ओरडतो, ‘आई, बटण बंद करू नकोस!’

घरातले धोके दूर केल्याने पडणे कमी होते का, यावर कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. पडण्याचे प्रमाण २६ टक्क्यांनी कमी झाले होते. ज्यांना पडण्याचा धोका आधीच जास्त होता, त्यांच्यात ३८ टक्क्यांनी. हे धोके दूर करणे म्हणजे वाटेतला पसारा आणि सरकणारे पायपुसणे काढणे, कठडे लावणे, जिन्यावर न घसरणारी पट्टी बसवणे. कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा कोणी ‘स्मार्ट’ म्हणून विकत नाही, पण माझ्या यादीत तो कॅमेऱ्याच्या बराच वर आहे.

कॅमेऱ्याबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. पडायची जागा म्हणजे बाथरूम, तिथे तो लावता येत नाही आणि लावूही नये. दिवाणखान्यात लावला तर दुपारी पदर ढळून झोपलेली आई हजार किलोमीटरवरच्या मोबाइलवर दिसते. तिला विचारले होते का? शिवाय ती फक्त मुलालाच दिसते, असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या स्त्री-रुग्णांचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदललेला नसणे हे अशा चोरीचे नेहमीचे कारण. लावायचाच असेल तर दाराबाहेर लावा आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

गळ्यात घालायचे मदतीचे बटण किंवा पडल्याचे ओळखणारे घड्याळ ही चांगली कल्पना आहे. पण केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या वृद्धांवर झालेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की बटण जवळ असूनही बहुतेकांनी ते पडल्यावर दाबले नाही. ‘उगाच कोणाला त्रास कशाला’ ही भावना कोल्हापुरातही तितकीच आहे. घड्याळाचे दुखणे वेगळे: ते रात्री चार्जिंगला लावलेले असते.

आता गॅस. गळती ओळखणारे यंत्र जरूर घ्यावे, पण बसवताना ते छताजवळ बसवलेले दिसते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. म्हणून यंत्र जमिनीपासून वीतभर उंचीवर हवे. काही ठिकाणी यंत्र वाजले की एक्झॉस्ट पंखा आपोआप सुरू होईल, अशी जोडणी करून देतात. ती नको. गॅस साठलेला असताना विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करायचे नसते, मग ते बोटाने असो की ॲपने. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा. आणि हे यंत्र गॅस गिझरच्या कार्बन मोनॉक्साइडपासून वाचवत नाही. त्याचे यंत्र वेगळे असते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. अंघोळीनंतर डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे हे पित्तामुळे झाले असे समजून सोडून दिले जाते. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी हलवणे हा यावरचा खरा उपाय.

बसवण्याच्या अडचणीही कमी नाहीत. बहुतेक स्मार्ट बटणांना बोर्डात न्यूट्रल वायर लागते आणि जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये ती बोर्डापर्यंत आणलेली नसते. मग भिंती फोडा. जाड भिंतींतून वाय-फाय मागच्या खोलीत पोहोचत नाही. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे असतात, राउटर नसतो. वीज गेली की सगळी हुशारी संपते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली तेव्हा शहराच्या मोठ्या भागात वीजच नव्हती. त्या वेळी कामाला आले ते शेजारी, तालमीची पोरे आणि बोटी. म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्या, पण १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतीचा क्रमांक, त्याखाली दोन शेजाऱ्यांचे नंबर, असे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावाच.

राहिले कुलूप. बोटाने किंवा आकड्याने उघडणारे कुलूप मला खरोखर उपयोगी वाटते, कारण मुलगा दूर असला तरी शेजाऱ्याला आकडा सांगून दार उघडता येते. अडचण एकच. रात्री नऊ वाजता घरातले आजोबा त्या कुलपावर विश्वास न ठेवता आतून कडी घालतात. मग बाहेर रुग्णवाहिका उभी राहते आणि सुतार शोधावा लागतो. कुलूप बसवण्याआधी आजोबांशी त्या कडीबद्दल बोलून घ्या. ते तयार नसतील तर कुलपाचे पैसे वाचवून बाथरूममध्ये दुसरा दांडा बसवा.