उसन्या नावाची धार

गेल्या वर्षी मी ऑनलाइन एक पटाशी मागवली. आठवडाभर कोड लिहिणाऱ्या बऱ्याच जणांसारखा मलाही सुट्टीच्या दिवशी लाकूडकामाचा नाद लागलाय. विक्रीच्या पानावर सगळ्यात वर एका नामवंत जपानी लोहाराचं नाव होतं. खाली त्याची थोरवी सांगणारे चार परिच्छेद आणि ऐरणीवर ठिणग्या उडतानाचा फोटो. किंमत साडेतीन हजार. पहिल्याच दिवशी बाभळीच्या तुकड्यावर तिची धार दुमडली.

मग मी ते पान पुन्हा, या वेळी नीट वाचलं. ही पटाशी त्या लोहाराने घडवली आहे असं तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं. 'त्यांच्या परंपरेतून प्रेरित' एवढंच होतं. मी विक्रेत्याला विचारलं, मग ही घडवली कुणी? उत्तर आलं, 'सर, अवर स्किल्ड आर्टिझन्स.' नाव विचारलं. त्यावर उत्तर आलं नाही.

साडेतीन हजार गेले, ते जाऊ देत. माझं भांडण 'प्रेरित' या शब्दाशी आहे.

हातानं घडवलेलं अवजार फोटोत तपासता येत नाही. पटाशीचा जीव तिच्या पाण्यात असतो. पोलाद किती तापवलं, कुठल्या रंगावर विझवलं, नंतर किती उतरवलं, यावर धार टिकणार की दुमडणार हे ठरतं. कच्चं पाणी आणि पक्कं पाणी, दोन्ही पटाश्या फोटोत सारख्याच चकाकतात. म्हणून विकत घेताना तुमच्या हातात एकच माहिती असते, ती म्हणजे घडवणाऱ्याचं नाव. तीस-चाळीस वर्षं एकही कच्ची पटाशी बाहेर जाऊ न देता त्यानं ते नाव कमावलेलं असतं. ते नाव उचलून दुसऱ्याच मालावर चिकटवलं की गिऱ्हाईक एकदा फसतं, पण नाव कायमचं बोथट होतं. उद्या त्या लोहाराची खरी पटाशी समोर आली तरी मी संशयानेच बघणार.

इथे माझ्या धंद्याचाही कबुलीजबाब द्यायला हवा. मी दोन वर्षं एका शॉपिंग ॲपच्या सर्चवर काम केलंय. तुम्ही कारागिराचं नाव टाइप करता, तेव्हा सिस्टीमच्या लेखी तो माणूस नसतो. 'लाल', 'कॉटन', 'वॉटरप्रूफ' यांच्यासारखाच तोही एक शब्द. ज्याच्या शीर्षकात तो शब्द आहे तो वर येतो, वर आलेल्यावर जास्त क्लिक पडतात आणि क्लिक पडले की तो आणखी वर जातो. खरा कारागीर वर्षाला मोजकीच अवजारं करतो, त्याचा माल बहुतेक वेळा संपलेलाच असतो. उसनं नाव लावणाऱ्याकडे मात्र 'इन स्टॉक' कायम हिरवं. स्वतःच्याच नावाच्या सर्चमध्ये खरा माणूस तिसऱ्या पानावर जातो. हे आम्ही लिहिलेल्या नियमांनी होतं, आणि मीटिंगमध्ये आम्ही त्याला 'रेलेव्हन्स' म्हणतो.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: कला नकलेतूनच वाढते, मग नक्कल हा गुन्हा कसा? मला हे पूर्ण मान्य आहे. पटाशीचा आकार, मुठीचा बाक, पोलाद आणि मऊ लोखंड जोडायची रीत, हे सगळं खुशाल घ्या. आमचं ओपन सोर्सचं जग याच तत्त्वावर उभं आहे. पण तिथेही एक लक्ष्मणरेषा आहे. एमआयटी लायसन्स म्हणतं, कोड वापरा, विका, बदला, पण मूळ लेखकाची कॉपीराइट नोंद पुसू नका. अपाचे लायसन्स कोड देतं, ट्रेडमार्क देत नाही. 2006 साली डेबियनने फायरफॉक्समध्ये स्वतःचे बदल केले, तेव्हा मोझिलाने नावाबद्दल हरकत घेतली. डेबियनने तो ब्राउझर 'आइसवीझल' या नावाने दिला आणि पुढची जवळपास दहा वर्षं देत राहिलं. कोड बहुतांशी तोच, पण नाव आपलं. नक्कल आणि चोरी यांतला फरक एवढाच आहे.

कारागिरांच्या जगातही नाव घेतलं जात नाही, दिलं जातं. चियोझुरू कोरेहिदे (1874–1957) हे जपानी सुतारी अवजारांमधलं सर्वांत मोठं नाव. त्यांच्याकडे शिकलेल्या शिष्याने 'चियोझुरू सादाहिदे' हे नाव लावलं आणि मिकी शहरात ते पुढच्या पिढीतही चाललं. त्या नावामागे भट्टीपुढे घालवलेली वर्षं होती. गंडा बांधल्याशिवाय घराण्याचं नाव लावायचं नाही, हे आपल्याकडच्या गाण्यातही होतंच की. वेबसाइटवरच्या 'प्रेरित'मागे काय आहे? एक कीवर्ड.

दुसरं उत्तर जास्त भावनिक असतं: 'अहो, त्या गरीब कारागिराचा माल खपतोय ना?' हे मलाही पटायचं. मग मी ती पटाशी घेऊन आमच्या गावच्या आठवडे बाजारात गेलो. तिथे एक घिसाडी मामा पाल ठोकून बसतात. त्यांनी धारेवर कानस घासून बघितली आणि म्हणाले, "कानस धरतीय. मऊ राहिलंय. पोलाद झ्याक हाय बघा, जोडबी चांगला मारलाय. करणाऱ्याला हात हाय. पाणी तेवढं घाईत दिलंय."

मामांनी तिला पुन्हा पाणी दिलं. आता तीच पटाशी बाभूळ लोण्यासारखी कापते.

म्हणजे कुठेतरी एक चांगला हात आहे. कमी दरात जास्त नग काढायची त्याच्यावर घाई आहे, आणि त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. पटाशी उत्तम निघाली असती तर वाहवा जपानी लोहाराची झाली असती. वाईट निघाली तर शिव्याही त्यालाच. घडवणाऱ्याच्या खात्यात काहीच जमा होत नाही. त्याचं नाव कधी होणार नाही, म्हणून त्याचा दर कधी वाढणार नाही, म्हणून त्याला सावकाश पाणी द्यायची फुरसतही कधी मिळणार नाही. उसनं नाव एकाची कमाई खातं आणि दुसऱ्याची कमाई सुरूच होऊ देत नाही.

हे चक्र तोडता येतं, याचा जुना पुरावा आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या झोलिंगेनचे स्वस्त चाकू इंग्लंडच्या 'शेफील्ड'चा शिक्का मारून विकले जायचे. शेफील्डच्या कारागिरांनी ओरडा केला आणि 1887 मध्ये ब्रिटनने मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट आणला. त्यातून परदेशी मालावर 'मेड इन जर्मनी' लिहिणं भाग पडलं. हेतू जर्मन मालाला कमीपणा आणायचा होता. पण एकदा स्वतःच्या नावाने माल विकायची वेळ आल्यावर जर्मनांना त्या नावाची लाज राखावी लागली. पुढे 'मेड इन जर्मनी' हीच दर्जाची खूण झाली. 1938 साली तर 'झोलिंगेन' या नावाच्याच रक्षणासाठी जर्मनीत कायदा झाला, कारण आता चोरावं असं ते नाव झालं होतं.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. मेरठच्या कात्रीला 2013 मध्ये जीआय मिळाला. पण जीआय गावाचं नाव राखतो, माणसाचं नाही. ट्रेडमार्कचा दावा लढायला वकील लागतो आणि भट्टी बंद ठेवून तारखांना जावं लागतं. म्हणून मी कोर्टाकडे नाही, माझ्या बिरादरीकडे मागतोय. 'हँडमेड' हा टॅग लावायचा असेल तर 'कुणी घडवलं' हा रकाना सक्तीचा करा. कारागिराच्या नावाने सर्च केलं, तर त्या रकान्यात ते नाव असेल तेवढाच माल वर आणा. शीर्षकातलं नाव मोजूच नका. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी ते काम केलंय. अवघड आहे ते त्यामुळे घटणारी विक्री सोसणं.

आणि तुम्हीसुद्धा 'बाय नाऊ' दाबण्याआधी विक्रेत्याला एक मेसेज टाका: हे कुणी घडवलं? उत्तर आलं नाही, तर ते उत्तरच आहे.

माझ्या पटाशीच्या मुठीवर त्या जपानी लोहाराच्या नावाचा स्टिकर होता. तो मी खरवडून काढलाय. तिथे मामांचं नाव कोरायचं ठरवलं होतं, पण मामा हसून म्हणाले, "म्या निस्तं पाणी दिलं. ज्यानं घडवली त्याचं लिवा." म्हणून ती जागा अजून मोकळी आहे.