हँडलच्या गरम ग्रिप: चैन नव्हे, गरज

लडाखला बाइकवर निघताय आणि हँडलला गरम होणाऱ्या ग्रिप बसवाव्यात का, असा प्रश्न पडलाय? माझ्या मते जरूर बसवा. थंडीत शरीर छाती-पोटाची ऊब राखण्यासाठी बोटांचा रक्तपुरवठा कमी करतं. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला गेला हेच कळत नाही. खारदुंग ला ५,३०० मीटरच्या वर आहे; तिथल्या उतारावर ही चूक जिवावर बेतू शकते.

पण ग्रिप तापवते फक्त तळहात. वारा झोंबतो तो हाताच्या पाठीला, म्हणून वारा अडवणारे हातमोजे हवेतच. अंगात पुरेसे कपडे नसतील तर बोटं तरीही गारच राहणार!

मधुमेहामुळे हातांची संवेदना कमी झाली असेल तर मात्र जपून. साधारण ४५ अंशांची उष्णताही तासन्‌तास एकाच जागी लागली तर भाजू शकतं, आणि तुम्हाला ते जाणवणारही नाही. अशांनी सेटिंग कमीच ठेवावं, दर थांब्याला मोजे काढून तळहात नीट पाहावेत.

बसवून झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. वायर ताणली जाता कामा नये, आणि रेस सोडली की ग्रिप झटकन मागे यायला हवी.