हलालची पाटी आणि हिशेबाची वही

२०१९ सालची ईद ५ जूनला होती. बेंगळुरूच्या शिवाजीनगर भागातलं ‘आय मॉनेटरी ॲडव्हायजरी’ म्हणजे आयएमएचं कार्यालय ईदच्या सुट्टीसाठी बंद झालं आणि सुट्टी संपली तरी उघडलं नाही. १० जूनला मालक मोहम्मद मन्सूर खान यांची एक ऑडिओ क्लिप व्हॉट्सॲपवर फिरू लागली. त्यात आत्महत्येची भाषा होती. प्रत्यक्षात ते दुबईला पोहोचले होते. कार्यालयाबाहेर हातात प्रमाणपत्रं घेतलेल्या माणसांची गर्दी उसळली, त्यात बायका खूप होत्या. पुढे ४० हजारांहून अधिक तक्रारी आल्या. तपास यंत्रणांच्या अंदाजानुसार गोळा केलेली रक्कम सुमारे ४ हजार कोटी रुपये होती.

त्या दिवसांत मी हे व्हिडिओ मिरजेत बसून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, काय भोळी माणसं आहेत ही! दोन वर्षांनी आमच्या घरात तसलाच एक कागद आला. कंपनी दुसरी, छोटी. खटला चालू आहे, म्हणून नाव घेत नाही.

अब्बा एसटी डेपोत मेकॅनिक होते. निवृत्तीच्या पैशांतले चार लाख त्यांनी हजसाठी वेगळे काढले होते. बँकेत मुदत ठेव ठेवली तर व्याज येतं, आणि हजच्या पैशात व्याजाचा रुपया मिसळू नये ही त्यांची साधी इच्छा. ओळखीतला एक माणूस माहितीपत्रक घेऊन आला. महिन्याला तीन टक्के ‘नफा’, कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. विचारलं, धंदा नक्की कसला आहे, ताळेबंद बघायला मिळेल का? खोलीत शांतता पसरली. मामू म्हणाले, “मौलाना साहेबांनी स्वतः पैसे ठेवलेत. तू काय मोठा सीए लागून गेलास?” मी गप्प बसलो. आज मला राग येतो तो त्या गप्प बसण्याचा.

अकरा महिने बारा-बारा हजार आले, मग थांबले. एक लाख बत्तीस हजार मिळाले, दोन लाख अडुसष्ट हजार गेले. आणि जे मिळाले तोही नफा नव्हता. बहुधा आमचेच किंवा आमच्या मागून आलेल्या कोणाचे तरी पैसे होते. हज राहिला तो राहिलाच.

म्हणून आयएमएकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघतो. ती माणसं भोळी नव्हती. मन्सूर खान यांनी २००६च्या सुमारास सुरुवात केली आणि दहा-बारा वर्षं पैसे वेळेवर दिले. सोन्याचं दुकान काढलं. शिवाजीनगरमधली व्ही. के. ओबैदुल्ला सरकारी शाळा कंपनीच्या पैशांतून अशी नटवली की लोक कौतुकानं बघायला यायचे. ज्या वस्तीला सरकारनं चांगली शाळा दिली नाही, तिथे ती देणाऱ्या माणसावर विश्वास बसणारच. शाळा खरी होती. मशिदीतली शिफारस खरी होती. खोटा होता तो फक्त धंदा. नंतर तपास पथकाला एका इमारतीच्या गच्चीवरच्या पोहण्याच्या तलावात सुमारे तीनशे किलो खोटी सोन्याची बिस्किटं सापडली.

कायद्याला बगल द्यायची युक्तीही साधी होती. लोकांकडून ‘ठेव’ घेतली तर रिझर्व्ह बँक विचारणार. म्हणून गुंतवणूकदारांना ठेवीदार म्हणायचंच नाही, मर्यादित दायित्व भागीदारी संस्थांचे, म्हणजे एलएलपीचे, भागीदार करून टाकायचं. शिवणकाम करून पैसे जमवलेली बाई कागदावर एका संस्थेची भागीदार झाली आणि तिला ते माहीतही नसावं. रिझर्व्ह बँकेनं कर्नाटक सरकारला इशारे दिले होते. महसूल खात्याची चौकशीही झाली आणि तिच्यातून कंपनी निर्दोष बाहेर पडली. पुढे याच चौकशीतल्या अधिकाऱ्याला साडेचार कोटींची लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक झाली, आणि बेंगळुरू शहर जिल्ह्याच्या उपायुक्तांना दीड कोटींच्या. त्या भागाचे तेव्हाचे आमदार रोशन बेग यांच्यावरही पैसे घेतल्याचे आरोप झाले. त्यांनी ते फेटाळले. सीबीआयनं नोव्हेंबर २०२०मध्ये त्यांना अटक केली. शिवाजीनगरच्या एका मौलानांनाही अटक झाली होती. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवील. पण फसवणारे, शिफारस करणारे आणि डोळेझाक केल्याचा आरोप असलेले यांत आपले किती होते, हे मोजायला आपण अजून कचरतो.

सरकारची बाजू मी सोडून देत नाही. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं २००८ साली बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा असं सुचवलं होतं. जे लोक श्रद्धेपोटी बँकेपासून दूर राहतात ते आत येतील, हा त्यामागचा विचार. बरीच वर्षं कागद फिरत राहिले आणि २०१७मध्ये माहितीच्या अधिकारातल्या एका उत्तरातून कळलं की रिझर्व्ह बँकेनं हा विषय बंद केला आहे. बँक सेवा मिळवण्याची संधी सर्वांना समान उपलब्ध आहे, हे कारण. अब्बांना ही संधी उपलब्ध होतीच, पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. अधिकृत दार बंद ठेवलं की गल्लीतलं दार उघडतं.

मात्र सगळा दोष त्या बंद दारावर टाकून मोकळं होता येत नाही. जानेवारी २०२५मध्ये दादरचं टोरेस ज्वेलरी बंद पडलं तेव्हा दुकानाबाहेर असाच जमाव होता. तिथे हलाल-हरामचा प्रश्न नव्हता. आठवड्याच्या परताव्याचं आमिष होतं, आणि भाजी विकणाऱ्यांपासून नोकरदारांपर्यंत सगळे फसले. लोभ सगळ्यांना असतो. आपल्याकडे त्याच्यावर श्रद्धेचं वेष्टण चढतं, इतकंच. ते वेष्टण फाडून आत बघणाऱ्याला बेअदब ठरवलं जातं.

आणि हे तर दीनच्या विरुद्ध आहे. मुदारबाच्या करारात एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो, तोटा झाला तर तो भांडवलवाल्याचा. ठरावीक परताव्याची हमी दिली की तो मुदारबा उरत नाही. मग ज्याला तोटा सोसायचा आहे त्यानं हिशेब मागायचा नाही, हे कुठलं शास्त्र? सूरह बकराची २८२वी आयत कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, साक्षीदारांबद्दल आहे. आपण ती तिलावतीत वाचतो आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर चार लाख ठेवतो. ‘हलाल’ हा शब्द कराराचं स्वरूप सांगतो. कपाटात सोनं आहे की पितळ, हे लेखापरीक्षक सांगतो. मौलाना साहेबांना पहिलं विचारा, दुसरं त्यांना विचारून त्यांनाही अडचणीत आणू नका.

आपल्या वयाच्या मुलांशी मला खास बोलायचं आहे, कारण या कंपन्यांचे एजंट बहुधा आपल्यातलेच असतात. नोकरी नाही, इंग्रजी येतं, मोहल्ल्यात ओळख आहे, आणि प्रत्येक गुंतवणूकदारामागे दोन टक्के मिळतात. २०१९च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यानुसार फक्त कंपनीचा मालक गुन्हेगार नसतो. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन दुसऱ्याला पैसे ठेवायला लावणं हाही गुन्हा आहे. आपल्या राज्यात १९९९चा ठेवीदार संरक्षण कायदाही आहे. ‘मी फक्त फॉर्म भरून घेतले’ ही सबब पोलीस ठाण्यात टिकेलच असं नाही, खालाजानसमोर तर नाहीच नाही.

विचारायचं काय, तर फार अवघड काही नाही. एलएलपी असेल तर तिला दरवर्षी फॉर्म ८ आणि फॉर्म ११ भरावे लागतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून ते कोणीही बघू शकतं. कंपनी पैसे गोळा करायला अधिकृत आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तपासता येतं, तक्रारही तिथेच करता येते. शेअर बाजाराची जोखीम झेपत असेल तर टाटा एथिकल फंडासारखे शरीअतचे निकष पाळणारे आणि सेबीच्या देखरेखीखालचे फंड आहेत. तिथे कोणी महिन्याला तीन टक्क्यांचं वचन देत नाही. बिनव्याजी पतसंस्थेचे सभासद असाल तर तिचं दरवर्षी लेखापरीक्षण व्हायलाच हवं. वार्षिक सभेला जा आणि बिर्याणीच्या आधी अहवाल मागा.

गेल्या महिन्यात जुम्यानंतर एक जुना वर्गमित्र भेटला. दुबईत खजुराचा व्यापार, हलाल, महिन्याला अडीच टक्के. अब्बा शेजारीच उभे होते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, “बेटा, गेल्या तीन वर्षांचा ऑडिट रिपोर्ट आहे का?” तो म्हणाला, सरांना विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही.