खंजिरीला गाव हवे

इंग्लंडमधील गायक फ्रँक टर्नर याचा नवा अल्बम मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वेळी त्याने चोवीस तासांत पंधरा शहरांमध्ये पंधरा कार्यक्रम केले आणि तो जागतिक विक्रम ठरला. या दौऱ्यासाठी त्याने भव्य प्रेक्षागारे निवडली नाहीत. लहान सभागृहे आणि ध्वनिमुद्रिकांची छोटी दुकाने यांवर त्याचा भर होता. अशी ठिकाणे एकेक करून बंद पडत असल्याने ती टिकावीत, हाही या खटाटोपाचा एक हेतू होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनला त्याचा तीन हजारावा कार्यक्रम झाला.

हा गायक ज्या परंपरेतला, तिला तिकडे ‘फोक पंक’ म्हणतात. १९७६-७७ च्या सुमारास लंडनमध्ये ‘पंक’ नावाचे बंडखोर संगीत उदयाला आले. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘द पोग्ज’ या वाद्यवृंदाने त्या बंडखोरीला आयरिश लोकसंगीताची जोड दिली. हाताशी असेल ते वाद्य घ्यायचे, आपली गाणी आपणच रचायची, गावोगाव हिंडायचे आणि समोरच्याला खडे बोल ऐकवायचे, असा हा खाक्या.

‘पंक’ हा शब्द ऐकताच आपल्याकडील सुसंस्कृत घरांत कपाळाला आठ्या पडतात. त्यातील उच्छृंखलपणा आणि व्यसनाधीनता यांचे समर्थन कोणीही करणार नाही. तथापि एक वाद्य, एक आवाज आणि अखंड भ्रमंती हे चित्र वऱ्हाडाला परके आहे काय?

संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण का करता, नवसाला बकरे का कापता, पोरांना शाळेत का घालत नाही? नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, म्हणून तो आवाज आजही ऐकता येतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांचे वाद्य म्हणजे खंजिरी. लाकडी कड्यावर ताणलेले कातडे आणि कडेला धातूच्या चकत्या, एवढाच तिचा संसार. त्या खंजिरीवरील भजनांनी १९४२ च्या आंदोलनात असे चैतन्य निर्माण केले की, इंग्रज सरकारने महाराजांना तुरुंगात टाकले. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेतही ही खंजिरी निनादली. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून हुंडा, दारू आणि अंधश्रद्धा यांवर कोरडे ओढतात. मे २०१७ मध्ये मुंबईत कार्यक्रमानंतर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. त्यातून बरे होऊन ते पुन्हा कीर्तनाला उभे राहिले.

पाश्चात्त्य बंडखोर आणि हे लोकप्रबोधक यांत एक मोठे अंतर आहे. तिकडचा रोख बहुधा सत्ताधारी आणि प्रस्थापितांवर असतो. आपल्या कीर्तनकाराचा पहिला आसूड समोर बसलेल्या श्रोत्याच्याच पाठीवर पडतो. श्रोता तो मुकाट्याने सोसतो, कारण बोलणाऱ्याने आधी त्याच्या दारातला कचरा उचललेला असतो. हे नैतिक अधिष्ठान हेच या परंपरेचे खरे बळ होय.

परंतु परंपरा थोर आहे म्हणून ती आपोआप जगेल, अशा भ्रमात आपण राहू नये. टर्नरला जशी छोट्या सभागृहांची चिंता वाटते, तशी चिंता आपल्याला गावच्या पाराची आणि मंदिराच्या सभामंडपाची वाटली पाहिजे. आज घाटावर काय आणि घाटाखाली काय, वरातीत आणि मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात. त्या दणदणाटापुढे खंजिरी ऐकू येणे शक्य नाही. डीजेसाठी हजारो रुपयांची वर्गणी हां हां म्हणता गोळा होते. गावातल्या भजनी मंडळाच्या मानधनाचा विषय निघाला की मात्र ‘यंदा जरा ओढाताण आहे’, असे ऐकू येते. सप्ताहासाठी कीर्तनकार ठरवतानाही किती हसवतो, याची चौकशी आधी होते. कानउघाडणी करणारा नकोसा झाला, तर दोष केवळ नव्या पिढीचा नाही. वर्गणीची वही वडीलधाऱ्यांच्याच हाती असते.

बुलढाणा जिल्ह्यासाठी हा निव्वळ रसिकतेचा प्रश्न नाही. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत योजना जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. शासकीय मदत बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचते. खचलेल्या माणसाला चार माणसांत आणून बसवणे आणि ‘लग्नासाठी रान विकू नकोस’ असे त्याला भर सभेत बजावणे, हे काम रात्रीच्या भजनाने केले आहे. ते शासनाच्या परिपत्रकाने होणारे नाही.

म्हणून एक साधी सूचना. प्रत्येक गणेश मंडळाने आणि सप्ताह समितीने एक रात्र पंचक्रोशीतील खंजिरी भजनासाठी राखून ठेवावी. कलावंतांना सन्मानाने बोलवावे आणि योग्य मानधन द्यावे. तरुणांनी केवळ जुनी पदे म्हणून थांबू नये. कर्ज, हुंडा, दारू आणि हातातून न सुटणारा मोबाइल यांवर नवी पदे रचावीत. त्यांना गिटार साथीला घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्यावी. खंजिरीसुद्धा कधीकाळी कोणीतरी प्रथमच देवळात आणली असेल. वाद्य कोणते, याहून ते हाती धरणाऱ्याचे आचरण कसे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची गावाची तयारी किती, हे महत्त्वाचे.

यंदाच्या वर्गणीच्या बैठकीत हा विषय कोणी तरी मांडावा. तो आपणच मांडला तर अधिक चांगले.